परड्यांतील मांडव : आधीं मेढी, मग बीं

ज्याच्या मळ्यांत चार-पांच एकर ऊस उभा आहे, असा खातेदार बाजाराच्या दिवशीं पावशेर कारलीं आणि तीन दोडके पिशवींत घालून घराकडे परततांना पाहिला, म्हणजे मनास चुटपुट लागल्यावांचून राहत नाहीं. कडेगांवच्या बाजारांत हें दृश्य आतां नित्याचें झालें आहे. ताकारी व टेंभू ह्या उपसा योजनांनीं कृष्णेचें पाणी ह्या कोरड्या टापूंत चढविलें, हा मोठाच उपकार झाला. परंतु पाणी आलें तसा ऊस वाढला, आणि ऊस वाढला तसें घरामागील परडें ओस पडलें. १९७२ च्या दुष्काळांत मी सहा-सात वर्षांचा होतों. त्या काळीं आमच्या घरांत पाणी मोजून वापरीत. तरीही न्हाणीच्या सांडपाण्यावर माझ्या आजीनें दोडक्याचा एक वेल जगविल्याचें मला चांगलें आठवतें. आज पाणी आहे, पण वेल नाहीं.

ह्याचें कारण विचारलें असतां बहुतेक मंडळी एकच उत्तर देतात : "वेल लावतों हो, पण मांडव टिकत नाहीं." हें उत्तर खोटें नव्हे. बीं मिळतें, खत घरचें असतें, वेलही जोमानें वाढतो. मग भाद्रपद-आश्विनांत, तो नेमका फळांनीं लगडला असतां, एखाद्या रात्रीं मांडव बसतो; आणि पुढील वर्षीं घरांत कोणी बियांस हात लावीत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत भाज्यांच्या लागवडीपेक्षां मांडवाच्या बांधणीचाच विचार मुख्यतः करावयाचा योजिला आहे. सांगावयाची गोष्ट एकच आहे. मांडव आधीं उभा करावा आणि बीं मागाहून टोकावें. व तो मृगांतील कोंवळ्या कोंबाच्या मापानें न बांधतां हस्तांतील भिजलेल्या भाराच्या मापानें बांधावा.

पडलेल्या मांडवाचा पंचनामा

महसूल खात्यांत कारकुनी करतांना घरांच्या पडझडीचे व पीकनुकसानीचे पंचनामे मीं पुष्कळ हाताळले. सेवानिवृत्तीनंतर पहिल्याच पावसाळ्यांत स्वतःच्या मांडवाचा पंचनामा करण्याची पाळी येईल, असें मात्र वाटलें नव्हतें.

त्या वर्षीं मृगाच्या सरी होतांच आम्हीं परड्यांत दोडका, कारलें व दुधी टोकला. वेल हातभर झाले तेव्हां काठ्यांची शोधाशोध सुरू झाली. जुन्या गोठ्याचीं चार लांकडें, नुकतेच तोडलेले हिरवे कळक व पोत्यांच्या शिवणीची सुतळी, एवढ्या सामानावर एका दुपारीं मांडव उभा केला. श्रावणांत तो हिरवागार झाला. आमच्या सौभाग्यवतींनीं त्यावर फार जीव लावला होता. माझ्या नोकरीच्या तीस वर्षांत बदलीच्या गांवीं भाड्याच्या घरांतून राहावें लागल्यामुळें स्वतःच्या हातचा वेल असा त्यांस कधीं लाभलाच नव्हता. सकाळीं उठून फुलें मोजावयाचीं, पहिला दोडका शेजारीं द्यावयाचा, शिरांची चटणी वेगळी वाटावयाची, असा त्यांचा क्रम चालला होता.

हस्ताच्या एका रात्रीं विजांसह पाऊस आला व पूर्वेकडून वारा सुटला. पहांटे उठून पाहतों तों संपूर्ण मांडव पश्चिमेस कलून भुईसपाट झालेला. वेलांचे बुडखे पिळवटून तुटले होते. रात्रीची वेळ होती म्हणून बरें. एरवीं दुपारीं शेजारचीं मुलें त्याच सावलींत खेळत असत. घरांतून कोणी रागावून बोललें नाहीं. खालीं दबलेले दोडके पाटींत भरतां भरतां त्या एवढेंच म्हणाल्या, "अहो, दप्तराचा रुमाल तुम्ही किती आवळून बांधीत होतां! मांडवच कसा सैल राहिला?" ह्या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें.

आमच्या कडेगांवीं मोहरमांत वेळूचे गगनचुंबी ताबूत निघतात, त्यांच्या भेटी पाहण्यास लांबलांबून लोक येतात, आणि ते उचलण्यास हिंदु व मुसलमान दोघांचेही खांदे लागतात, हें वाचकांस ठाऊक आहेच. ताबुतांच्या बांधणींत आयुष्यभर हात घातलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या आळींत राहतात. त्यांस मीं तो पडलेला मांडव दाखविला. त्यांनीं एक मेढ हातानें हलवून पाहिली आणि हंसून म्हणाले, "भाऊसाहेब, वाऱ्याला कशाला बोल लावायचा? नुसती चौकट पोरानं ढकलली तरी कलती. तिला तिरका टेकू द्या, आन् मग ढकलून दावा मला." मी म्हणालों, "चाचा, सुतळी तर चांगली दुहेरी होती." त्यावर ते म्हणाले, "दुहेरी असूं द्या न्हाईतर चौहेरी. वेढे घेतलेत, पर आवळ कुठं दिलाय?"

त्यांच्यासमवेत पाहणी केल्यावर पुढील पांच दोष निष्पन्न झाले.

पहिला दोष असा कीं, वीत-दीड वीत खणल्यावर मुरूम लागला म्हणून आम्हीं खणणें सोडून दिलें होतें. सबब मेढींस जमिनींत धर नव्हता. दुसरा, चौकटीस तिरपा टेकू एकही नव्हता. तिसरा, कळक ओले होते. ते वाळतांना आकसले व बंध आपोआप ढिले पडले. चौथा, बंधांस आवळ नव्हता, आणि सुतळी उन्हापावसानें हस्तापूर्वींच कुजली होती. पांचवा, दुधी व दोडका हे दोन्ही भारी वेल एकाच कोंपऱ्यावर चढले होते. ह्या पांचही दोषांत वाऱ्याकडे एकही जात नाहीं. वेल, पानें, फळें आणि पानांवर थबकलेलें पाणी एवढा भार घेऊन उभें असलेलें तें एक छप्परच होतें. परंतु आम्हीं तें छपराप्रमाणें न बांधतां काठीच्या आधाराप्रमाणें बांधलें होतें.

पुढील वर्षीं आम्हीं मांडव नव्यानें बांधला. त्याचीच रीत खालीं सविस्तर देत आहें.

जागा व पाणी

वेलवर्गीय भाज्यांस दिवसांतून निदान सहा तास ऊन लागतें. झाडाखालीं लावलेला वेल पानें पुष्कळ धरतो, पण फळें थोडीं देतो. मांडवाची सावली बहुतेक काळ उत्तरेकडे पडते. म्हणून परड्यांत वांगीं, मिरची, मेथी ह्यांचे वाफे असल्यास मांडव त्यांच्या उत्तरेस घ्यावा. घराच्या भिंतीपासून तीन फुटांचें अंतर सोडावें. त्यामुळें भिंतीस ओल धरत नाहीं आणि फळें तोडण्यास चोहोंकडून फिरतां येतें.

पाण्याच्या बाबतींत आपल्या वडीलधाऱ्यांची रीत उत्तम होती. न्हाणीचें व भाजीपाला धुण्याचें पाणी एका लहान चारीनें अळवाच्या वाफ्यांतून नेऊन मग वेलाच्या आळ्यांत सोडीत. आतां मात्र कपडे धुण्याच्या पावडरीचें पाणी वेगळें काढणें जरूर आहे. तें रोज मुरलें तर जमीन चिबडते व क्षार वाढतात. पाणी बुडख्यास न लागतां त्याच्या भोंवतीं वीतभर अंतरावर फिरावें. बुडखा सतत ओला राहिल्यास तो सडतो.

सामान

चार-पांच माणसांच्या घरास १२ फूट लांब, ८ फूट रुंद व ६ फूट उंच असा मांडव पुरेसा आहे. उंची ठरवितांना फळें तोडणाऱ्या व्यक्तीची उंची पाहावी. आमच्याकडे पहिला मांडव सात फूट होता, आणि प्रत्येक दोडक्यासाठीं स्टूल न्यावें लागे.

ह्या मापास पुढील सामान लागतें. ८ फूट लांबीच्या सहा मेढी. त्यांपैकीं २ फूट जमिनींत व ६ फूट वर. लांबीच्या बाजूस १३ फुटांचे दोन वासे. रुंदीस ९ फुटांचे तीन वासे. साडेतीन फुटांचे दहा टेकू. बंधांसाठीं चांगला काथ्या. वरील जाळीसाठीं दोरी किंवा जस्ताची तार. जाळीच्या चौकटी एकेक फुटाच्या धराव्यात. म्हणजे रुंदीकडून ११ दोऱ्या प्रत्येकी ८ फूट, ह्या ८८ फूट झाल्या. लांबीकडून ७ दोऱ्या प्रत्येकी १२ फूट, ह्या ८४ फूट झाल्या. एकूण १७२ फूट. गांठींसह २२५ फूट आणावी.

मेढीस बाभूळ, निलगिरी किंवा सुबाभूळ चालते. जाडी मनगटाहून कमी नसावी. वरच्या टोंकास नैसर्गिक बेचकें असल्यास फार उत्तम, कारण वाशाचा भार दोरीवर न पडतां लांकडावर पडतो. पांगाऱ्याच्या किंवा शेवग्याच्या फांद्या पुरल्यास त्या फुटून जिवंत मेढी होतात व कुजत नाहींत. मात्र दरवर्षीं त्यांची छाटणी न केल्यास त्यांचीच सावली वेलास बाधते.

कळक वापरावयाचा तर तो तीन वर्षांचा, पोसलेला घ्यावा. कोंवळ्या कळकांत पिठूळ अंश व ओल अधिक असते. त्यास भुंगा लवकर लागतो. तोड पावसाळा संपल्यावर, हिंवाळ्यांत करावी. तोडलेले कळक दोन-तीन आठवडे पाण्यांत बुडवून ठेवून मग सावलींत उभे वाळवावेत. पाण्यांत तो पिठूळ अंश बराच निघून जातो. पूर्ण वाळल्यावांचून बांधणीस घेऊं नयेत.

मेढ आधीं कुजते ती जमिनीच्या पातळीवर, जेथें ओल व हवा दोन्ही एकत्र लागतात. सबब बुडाकडील अडीच फूट भाग आगटींत वरवर करपवून त्यास गरम डांबराचे दोन हात द्यावेत. डांबर जमिनीच्या वर अर्धा फूट आलेंच पाहिजे. वाळवीही ह्यामुळें बरीच दूर राहते.

बांधणी

बांधणीचा काळ चैत्र-वैशाख. त्या दिवसांत शेतकऱ्यास थोडी सवड असते, लांकूड वाळलेलें असतें, आणि मृगास अवकाश असतो.

प्रथम चार खुंट्या ठोकून १२ व ८ फुटांची चौकट आखावी. तिचे दोन्ही कर्ण दोरीनें मोजावेत. ते सारखे भरले म्हणजे काटकोन बरोबर आला असें समजावें. लांबीच्या प्रत्येक बाजूस सहा-सहा फुटांवर तीन खड्डे घ्यावेत. खड्डा पूर्ण दोन फूट झाला पाहिजे. आमच्या भागांत फूटभर मातीखालीं मुरूम लागतो, व तेथेंच आळस येतो. पण हा मुरूम पहारीनें फोडून मेढ त्यांत बसविली तर तीच तिची खरी पकड होय. खड्ड्याच्या तळाशीं एक चपटा दगड टाकावा. मेढ ओळंब्यांत उभी करून भोंवतीं दगड व मुरूम भरावा, आणि प्रत्येक वीतभर थरास थोडें पाणी शिंपडून पहारीच्या बोथट टोंकानें ठेंचावें. काळी माती भरूं नये. ती पावसांत फुगते व उन्हांत भेगाळते, त्यामुळें मेढ डगमगूं लागते.

मेढी उभ्या झाल्यावर लांबीचे दोन वासे बेचक्यांत बसवावेत, व त्यांवर रुंदीचे तीन वासे टाकावेत. आतां बंध. काथ्याचें एक टोंक मेढीस पक्कें बांधून, वासा व मेढ ह्यांभोंवतीं आळीपाळीनें चार वेढे घ्यावेत. एवढ्यावर सर्व लोक गांठ मारतात, आणि चूक होते ती येथेंच. गांठ मारण्यापूर्वीं तोच काथ्या दोन्ही लांकडांच्या मधल्या फटींतून घेऊन, आधीं घेतलेल्या वेढ्यांच्याच भोंवतीं दोन-तीन वेळां जोरानें ओढून आवळावा. ह्या आवळानें सर्व वेढे एकत्र दाबले जातात. चाचांनीं सांगितलेला आवळ तो हाच. तो दिल्यावर बंध हातानें हलविला तरी हलत नाहीं. खिळा मारण्याचा मोह टाळावा. कळकास खिळ्यानें चीर जाते, व चिरेंत पाणी शिरून तेथेंच तो मोडतो.

ह्यानंतर टेकू. मेढीच्या माथ्यापासून दोन फूट खालीं व वाशावर मेढीपासून दोन फूट पुढें, अशा दोन बिंदूंस जोडणारें तिरपें लांकूड बांधावें. त्याचें प्रत्यक्ष अंतर पावणेतीन फुटांहून किंचित् अधिक भरतें. बांधण्यासाठीं वाढ धरून साडेतीन फूट लांकूड घ्यावें. चार कोंपऱ्यांच्या मेढींस दोन्ही दिशांनीं दोन-दोन, व मधल्या दोन मेढींस रुंदीच्या वाशाकडे एकेक, असे दहा टेकू होतात. चौकोन दाबला असतां त्याचे कोन बदलतात. त्रिकोणाच्या बाजू मोडल्यावांचून त्याचे कोन बदलत नाहींत. आमच्या तासगांव-पलूसकडील द्राक्षबागायतदार आपल्या मांडवास शेवटच्या खांबापाशीं ताण देण्यास कधीं विसरत नाहीं. मग तोच विचार घरच्या मांडवास कां लावूं नये?

जाळी सर्वांत शेवटीं ओढावी. दोरी फार ताणूं नये व लोंबतीही ठेवूं नये. जेथें दोन दोऱ्या एकमेकींस ओलांडतात तेथें एक-सोड-एक साध्या वेढ्यानें गुंतवाव्यात, म्हणजे भार एका जागीं सरकत नाहीं. उन्हांत प्लॅस्टिकची हलकी सुतळी एका हंगामांत भुगा होते. तिजपेक्षां तार किंवा जाड काथ्या बरा. तारेवर वेलाचा नाजूक शेंडा कडक उन्हांत पोळतो, म्हणून तार वापरल्यास चढण्याच्या जागीं मात्र दोरी द्यावी.

आतां परीक्षा. बीं टोकण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वजनदार माणसानें प्रत्येक वाशास, मेढीजवळ, दोन्ही हातांनीं हळूहळू लोंबकळून पाहावें. नंतर प्रत्येक मेढ खांद्यानें ढकलून पाहावी. कुरकुर झाली तर बंध पुन्हां आवळावा. कोरड्या दिवसांत माणसाचा भार ज्यानें सोसला नाहीं, तो मांडव हस्तांतील भार सोसेल ही आशा व्यर्थ होय.

बीं व वेलाचें वळण

आळीं मेढींच्या मध्यंतरांत घ्यावींत, मेढीस खेटून घेऊं नयेत. नाहींतर तेथील पाणी मेढीच्या बुडाशीं मुरतें. दीड फूट लांब, रुंद व खोल असें आळें करून त्यांत एक घमेलें कुजलेलें शेणखत व वरची माती मिसळून भरावी. आमच्या मापाच्या मांडवास एका बाजूस दोडक्याचीं तीन आळीं, व दुसऱ्या बाजूस दोन कारल्याचीं आणि एक दुधीचें, एवढीं पुरेशीं आहेत. दोन्ही बाजूंस भार वांटला जातो, व आमच्या पंचनाम्यांतील पांचवा दोष टळतो.

पावसाळी लागण मृग-आर्द्रांत व उन्हाळी लागण जानेवारी-फेब्रुवारींत करतात. प्रत्येक आळ्यांत तीन बिया इंचभर खोल टोकाव्यात व उगवल्यावर सशक्त अशीं दोन रोपें ठेवावींत. कारल्याचें बीं कठीण कवचाचें असतें. तें रात्रभर पाण्यांत भिजत घालावें. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या वाणांपैकीं दोडक्याचा 'फुले सुचेता', कारल्याचे 'हिरकणी' व 'फुले ग्रीन गोल्ड', दुधीचा 'सम्राट' आणि काकडीचा 'हिमांगी' हे शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. घरचें जुनें बीं चांगलें असल्यास तेंही अवश्य राखावें.

वेल फूटभर झाला म्हणजे आळ्याजवळ खुंटी रोंवून तेथून जाळीपर्यंत एक दोरी सोडावी. वेलास दोरीशीं केळीच्या सोपटानें सैल बांधावें. बांधास बोट जाईल एवढी जागा ठेवावी. जाळीस पोंचेपर्यंत बगलेंतील फुटवे खुडून एकच सरळ खोड वर न्यावें. जाळीच्या वर वीतभर गेल्यावर शेंडा खुडावा, म्हणजे चोहोंकडे फांद्या फुटतात व फळेंही बहुधा फांद्यांवरच अधिक येतात. फांद्यांस वेगवेगळ्या दिशा हातानें लावून द्याव्यात. आपोआप वाढूं दिल्यास त्या एकमेकींवर चढून एका ठिकाणीं गुंता करतात.

फळें जाळीखालीं लोंबतीं राहिलीं म्हणजे सरळ वाढतात, मातीस न लागल्यानें सडत नाहींत, व तोडणाऱ्याच्या नजरेस पडतात. पडवळ लावल्यास फळाच्या टोंकास लहान खडा बांधण्याची जुनी रीत आहे. त्यानें तें वेटोळें न होतां सरळ उतरतें.

ह्या वेलांत नर व मादी फुलें निरनिराळीं असतात. मादी फुलाच्या मागें इवलेंसें फळ दिसतें. कारलें, काकडी, घोसाळें ह्यांचीं फुलें सकाळीं उमलतात व मधमाशा त्यांवर येतात. दोडका, दुधी, पडवळ ह्यांचीं सायंकाळीं उमलतात व रात्रीचे पतंग त्यांवर येतात. फूल येत आहे पण फळ गळत आहे असें दिसल्यास, नुकतेंच उमललेलें नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलास हातानें लावावा. फुलण्याच्या काळांत मांडवावर विषारी औषधें मारणें म्हणजे स्वतःच्याच फळांवर घाव घालणें होय.

हलक्या वेलांसाठीं ताटी

ज्यांचें परडें अरुंद आहे त्यांनीं मांडवाऐवजीं ताटी उभारावी. काकडी, कारलें, घेवडा, चवळी ह्यांस ती पुरते, दुधीस नाहीं. सहा-सहा फुटांवर तीन मेढी, त्यांवर जमिनीपासून २, ४ व ६ फुटांवर आडव्या तारा, आणि तारांवरून खालीं सोडलेल्या दोऱ्या, एवढीच तिची रचना. ताटी दक्षिणोत्तर असावी. म्हणजे सकाळीं एका बाजूस व दुपारनंतर दुसऱ्या बाजूस ऊन मिळतें. ह्यांत एक अडचण आहे. अशी ताटी पावसाळ्यांतील पश्चिमेच्या व परतीच्या पावसांतील पूर्वेच्या, दोन्ही वाऱ्यांस आडवी येते. तेव्हां तिची लांबी १२ फुटांहून अधिक करूं नये, व तिन्ही मेढींस पूर्व-पश्चिम असे दोन्हीकडून टेकू द्यावेत.

सामान मुळींच नसल्यास तुराट्यांचा तिकोनी खोपा करून त्यावर घेवडा चढवितां येतो. ज्वारीच्या ताटावर पावटा किंवा चवळी सोडण्याची चाल आपल्या शेतांत जुनीच आहे. अमेरिकेंतील मूळ रहिवासीही मक्याच्या ताटावर घेवडा चढवीत व खालीं भोपळा पसरीत. मका हीच त्यांची मेढ होती.

हंगामांतील निगा

मांडव बांधला म्हणजे काम संपलें असें नव्हे. उत्तरा नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यास, एकदां सर्व बंध हातानें तपासून ढिले झालेले आवळावेत. हस्ताची हीच पूर्वतयारी होय. फळें दर दोन-तीन दिवसांनीं तोडावींत. कोंवळें फळ खाण्यास चांगलें, वेल नवीं फळें धरतो, आणि मांडवाचा भारही हलका राहतो. बियांसाठीं राखावयाचें फळ मेढीजवळील निवडावें. जाळीच्या मध्यभागीं जून फळ लोंबत ठेवूं नये.

फळमाशीनें डंखलेलीं फळें वांकडीं होऊन गळतात. तीं तेथेंच पडूं न देतां रोज वेंचून दीड-दोन फूट खोल पुरावींत. क्यू-ल्यूर गंधाचा एखादा सापळा मांडवास टांगल्यास नरमाशा त्यांत सांपडतात. पानांवर भुरी दिसल्यास तीं पानें काढून वारा खेळता ठेवावा. गंधकाची भुकटी कडक उन्हांत ह्या वेलांस सोसत नाहीं, पानें करपतात.

हंगाम सरल्यावर वेल कापून काढावेत, जाळीची दोरी सोडून गुंडाळून आढ्यास टांगावी, व सांगाडा तसाच ठेवावा. त्याच आळ्यांत पुन्हां लगेच दोडका-कारलें न घेतां एक हंगाम वाल किंवा घेवडा घ्यावा. त्यामुळें रोगांची साखळी तुटते, जमिनीस नत्र मिळतें, आणि उभ्या मांडवाचा पुनः उपयोग होतो.

उपसंहार

आमचा दुसरा मांडव वैशाखांत उभा राहिला. आवळ कसा द्यावयाचा तें चाचांनीं स्वतः बसून शिकविलें, व शेवटचे चार बंध माझ्याकडून बांधवून घेतले. त्या वर्षीं हस्ताचा पाऊस पुन्हां विजांसहच आला. रात्रीं दोन वेळां कंदील घेऊन मी परड्यांत गेलों. मांडव कुरकुरला, परंतु कलला नाहीं. सकाळीं सौभाग्यवतींनीं नेहमींप्रमाणें फुलें मोजलीं, आणि पाटींतील पहिले दोन दोडके चाचांच्या घरीं पोंचते केले.

गांवठाणांतील परडें सात-बाराच्या कोणत्याही रकान्यांत येत नाहीं. २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकरी आपल्या शेतांतील पीक आपणच मोबाईलवर नोंदवूं लागला. परंतु घरामागील मांडवाची नोंद त्यांतही होत नाहीं. माझ्या नोकरीच्या सर्व वर्षांत मींही ज्याची नोंद नाहीं त्यास किंमत नाहीं असेंच मानीत आलों. पण ज्या घरांत श्रावणापासून कार्तिकापर्यंत ताटांत पडणारी भाजी परड्यांतून येते, त्या घरची बाजाराची पिशवी किती हलकी होते, व औषधांच्या फवाऱ्याविषयींची चिंता किती कमी होते, हें त्या घरच्या बायकांस पक्कें ठाऊक असतें.

तेव्हां बंधूंनो, येत्या वैशाखांत उसाच्या खोडव्याकडे जाण्याआधीं एक सकाळ परड्यास द्यावी. पहार घ्यावी आणि सहा खड्डे घ्यावेत, प्रत्येकी पूर्ण दोन फूट. बियांची पुडी तोंवर फडताळांतच राहूं द्यावी.